खड्डा कोणी उपसायचा?

गावाकडे घराचे काम निघाले की शौचालयाची चर्चा फरशीपासून सुरू होते. भांडे बैठे की कमोडचे, दार फायबरचे की पत्र्याचे, यावर घरातला प्रत्येक जण बोलतो. जमिनीखाली काय बांधायचे ते मात्र गवंड्यावर सोपवले जाते आणि त्याचा सल्ला बहुधा ठरलेला असतो: टाकी मोठी घ्या, पुन्हा बघायला नको.

पुन्हा बघावेच लागते. सेप्टिक टाकीच्या तळाशी गाळ साचतो, तो दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तिच्यातून निघणारे पाणीही निर्धोक नसते. त्याला स्वतंत्र शोषखड्डा हवा. तो टाळून पाइप उघड्या गटारात सोडला की एका घराची घाण दुसऱ्याच्या दारात पोहोचते. शिवाय टाकीत विषारी वायू कोंडतात. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे, तरी गुदमरून मेलेल्या सफाई कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. ही माणसे कोणत्या जातींतली असतात, हे सांगायला नको.

म्हणूनच दोन शोषखड्ड्यांचे शौचालय हा नुसता काटकसरीचा पर्याय नाही. साधारण मीटरभर रुंद आणि थोडे अधिक खोल असे दोन खड्डे, मधे किमान मीटरभर अंतर, विटांचे जाळीदार बांधकाम आणि कच्चा तळ, एवढीच त्याची रचना. जास्त उताराच्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. पाणी आणि वायू भोवतालच्या मातीत शोषले जातात, त्यामुळे वर गॅसपाइपही लागत नाही. पाच-सहा माणसांच्या कुटुंबात एक खड्डा भरायला सुमारे तीन वर्षे लागतात. मग भांड्यातून येणारा मैला दोन्ही खड्ड्यांकडे वाटणाऱ्या चेंबरमधली त्याची वाट बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचा आणि पहिला दीड-दोन वर्षे झाकून ठेवायचा. तेवढ्यात त्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले सोनखत होते. ते घरचा माणूस फावड्याने काढू शकतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे केंद्रीय सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी अन्य अधिकाऱ्यांसह तो हातांनी रिकामा केला. लोकांच्या मनातली किळस भाषणांनी जात नाही, हे त्यांनी ओळखले होते. कोकणात ही ओळख फार जुनी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्या अशी मागणी केली. ती नाकारल्यावर त्यांनी उपवास केला आणि येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्यापासून खत करण्याचे काम चिकाटीने चालवले.

ही पद्धत सगळीकडे सारखी चालत नाही, हेही खरे. कातळ उथळ असेल किंवा पावसाळ्यात विहिरीचे पाणी काठोकाठ येत असेल, तर खड्डे उंचावर घ्यावे लागतात. काळ्या मातीत भोवती वाळूचा थर भरावा लागतो. जाणकाराला जागा दाखवल्याशिवाय खोदाई करू नये.

स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबाला १२,००० रुपये मिळतात आणि साधे दोन खड्ड्यांचे शौचालय डोळ्यांपुढे ठेवूनच ही मदत आखलेली आहे. तेव्हा फरशी निवडण्याआधी गवंड्याला विचारा: दुसरा खड्डा कुठे घेणार? आणि तळाला काँक्रीट ओतू देऊ नका.