जुने लेथ आणि न्याय्य किंमत

निवृत्तीनंतर आम्ही मैलूरच्या घरी लाकूड कातण्याचे एक जुने लेथ आणले. विकणारे कातारी वृद्ध होते. पलंगाच्या कातीव पायांना आता गिऱ्हाईक उरले नाही. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करण्यात आमची हयात गेलेली. सवयीने घासाघीस केली आणि समाधानाने परतलो. व्यवहार कायद्याने निर्दोष होता. पण तो न्याय्य होता काय?

पहिल्याच दिवशी पटाशी रुतली व ठोकळा उडाला. लोखंड विकत मिळाले होते, हात मिळाला नव्हता. चन्नपट्टणचा खेळणी घडविणारा कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. दाब किती द्यावा, हे यंत्र सांगत नाही.

आम्ही पुन्हा त्या वृद्धाकडे गेलो आणि कमी केलेली रक्कम पुढे ठेवली. त्यांनी ती मोजली नाही. एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, टेका लाकडाजवळ घ्या. चालू करण्याआधी हाताने एक फेरा फिरवून बघा.’’

अडलेल्याने मान्य केलेली किंमत ही वस्तूची किंमत नव्हे, हे आम्हांस उशिरा कळले. या शिकवणीचे मोल तर अद्याप फेडायचेच आहे.