थोरवी कोणत्या तराजूत तोलावी?

दोन थोरांमध्ये अधिक थोर कोण, हा वाद माणसाला फार प्रिय आहे. चहाच्या टपरीपासून विद्यापीठापर्यंत तो चालतो आणि कुठेच संपत नाही. त्याचे एक कारण असे, की वाद घालणारे एकच शब्द दोन अर्थांनी वापरत असतात. एकाच्या मनात असते कर्तृत्व, दुसऱ्याच्या मनात असतो प्रभाव. कर्तृत्व म्हणजे त्या माणसाने स्वतः केले ते; प्रभाव म्हणजे त्याच्यामुळे इतरांनी केले ते. पहिले मोजता येते. दुसऱ्याचे माप काढायचे कसे?

आपल्या लाडक्या माणसांविषयी हा विचार नीट होत नाही, कारण तिथे आपला पक्ष आधीच ठरलेला असतो. म्हणून मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. माझा भाचा मेलबर्नला राहतो. त्याच्याकडे मुक्काम झाला तेव्हा तिथल्या फुटबॉलची मला गोडी लागली. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड हे नाव पहाटे उठून रेडिओला कान लावणाऱ्या आपल्या पिढीला पाठ आहे; पण हिवाळ्यात त्या मैदानावर राज्य असते ते या फुटबॉलचे. क्रिकेटपटूंचे शरीर हिवाळ्यात गंजू नये म्हणून टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 मध्ये अशा खेळाची कल्पना मांडली आणि 1859 मध्ये त्याचे नियम लिहिले गेले. एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू लांबट, मैदान लंबगोल. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारायचा. याला हँडबॉल म्हणतात.

आता तराजू काढू. पहिला तराजू आकड्यांचा. गॉर्डन कव्हेंट्रीने 1937 पर्यंत 1299 गोल केले. तो विक्रम बासष्ट वर्षे टिकला. 1999 मध्ये टोनी लॉकेटने तो मोडला आणि पुढे 1360 वर जाऊन थांबला. कर्तृत्व निर्विवाद. पण कव्हेंट्रीचा आकडा लॉकेटने ओलांडला म्हणून कव्हेंट्रीचा प्रभाव कमी झाला का? आकडा माणसाची उंची सांगतो. त्याची सावली कुठवर पडली ते सांगत नाही.

दुसरा तराजू खेळावर उमटलेल्या ठशाचा. इथे ग्रॅहम फार्मरचे नाव घ्यावे लागते. ‘पॉली’ हे त्याचे लाडके नाव. जन्म 1935 चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला. नूनगार या आदिवासी समाजातल्या आईचा हा मुलगा पर्थच्या अनाथाश्रमात वाढला. त्याच्या आधी हँडबॉल हा अडचणीत सापडलेल्या खेळाडूचा शेवटचा उपाय मानला जाई. फार्मरने त्याचे हत्यार केले. मोटारीच्या उघड्या खिडकीतून चेंडू नेमका आरपार घालवण्याचा सराव तो करी, असे सांगतात. 1963 मध्ये त्याच्या जिलाँग संघाने अजिंक्यपद मिळवले. आज तिथले शाळकरी पोरही हँडबॉल करते ते त्याच्या वाटेने.

त्याच्या शेजारी रॉन बरासी. बाप तोब्रुकच्या लढाईत 1941 मध्ये पडला, तेव्हा हा पाच वर्षांचा. खेळाडू म्हणून मेलबर्न संघाकडून सहा अजिंक्यपदे, प्रशिक्षक म्हणून आणखी चार. 1970 चा अंतिम सामना पाहायला 1,21,696 माणसे जमली होती. मध्यंतराला बरासीचा कार्लटन संघ 44 गुणांनी मागे होता. विश्रांतीच्या खोलीत त्याने खेळाडूंना ‘हँडबॉल करा, करतच राहा’ असे बजावल्याची कथा तिथे घरोघर सांगतात. संघ दहा गुणांनी जिंकला. मात्र त्याच सामन्यात मध्यंतरानंतर मैदानात उतरलेल्या टेड हॉपकिन्सने चार गोल केले, हेही विसरता येत नाही. मग श्रेय कोणाचे? हत्यार रुळवणाऱ्या फार्मरचे, ते वापरा म्हणणाऱ्या बरासीचे, की ऐकून तसे खेळणाऱ्यांचे?

हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो म्हणाला, “मामा, तुम्ही आधी ठरवा. खेळ कोणी बदलला असं विचारताय, की माणसं कोणी बदलली?”

या एका वाक्याने तिसरा तराजू समोर आला.

17 एप्रिल 1993. कॉलिंगवुड संघाच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर सेंट किल्डा संघ जिंकला. निकी विनमार या आदिवासी खेळाडूला दिवसभर प्रेक्षकांतून त्याच्या वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या होत्या. सामना संपल्यावर तो त्याच प्रेक्षकांकडे वळला, अंगातली जर्सी वर उचलली आणि स्वतःच्या काळ्या कातडीवर बोट ठेवले. ते छायाचित्र देशभर गेले. दोन वर्षांनी, 1995 मध्ये, मायकेल लाँग या खेळाडूने मैदानावरील वर्णद्वेषी शिवीबद्दल उघड तक्रार केली, आणि त्याच वर्षी अशा शिवीगाळीविरुद्ध लीगने नियम केला.

आता तुलना करा. फार्मरचा हँडबॉल सगळ्यांनी आनंदाने घेतला, कारण तो घेतल्याने सामने जिंकता येत होते. घेणाऱ्याला फक्त फायदाच होता. विनमारचे बोट स्वीकारायचे तर प्रेक्षकाला स्वतःची जीभ आवरावी लागणार होती, आपल्या शेजाऱ्याला गप्प करावे लागणार होते. एक प्रभाव फुकट मिळणारा, दुसरा किंमत मागणारा. गंमत म्हणजे फार्मरही आदिवासी समाजातलाच. लोकांनी त्याच्या हाताचे कसब उचलले. त्या हाताच्या रंगाविषयी काही शिकायचे मात्र पुढच्यांसाठी ठेवून दिले.

आणि किंमत मागणारा प्रभाव किती सावकाश पसरतो, हे ॲडम गुड्सच्या बाबतीत दिसले. दोनदा सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक, दोन अजिंक्यपदे, 372 सामने. 2013 मध्ये तेरा वर्षांच्या एका प्रेक्षक मुलीने त्याला माकड म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले, की त्या मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या. 2014 मध्ये तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ ठरला. आणि 2015 च्या हंगामात मैदानामागून मैदानांवर त्याची हुर्यो उडवली गेली. शेवटी त्याने निवृत्ती घेतली, निरोपाची फेरीसुद्धा न मारता. विनमारच्या त्या दिवसाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. नियम पुस्तकात होता. गर्दीच्या गळ्यापर्यंत तो पोहोचला नव्हता. गर्दीत मिसळून ओरडणे किती सोपे असते, हे दोन भाषांच्या गावात नांदणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

2019 मध्ये दोन गोष्टी घडल्या. लीगने गुड्सची जाहीर माफी मागितली आणि पर्थच्या स्टेडियमबाहेर विनमारचा पुतळा उभा राहिला, जर्सी वर उचललेला. पुढे 2021 मध्ये गुड्सला हॉल ऑफ फेमचा मान देऊ केला, तेव्हा त्याने तो नाकारला. मला यात मोठा अर्थ दिसतो. पुतळा उभारला, मान दिला, म्हणजे देणे फिटले असे समाजाला वाटू लागते. ‘केवढा थोर माणूस!’ असे म्हणून आपण त्याने मागितलेल्या गोष्टीतून अलगद सुटतो. ज्याने शिव्या सोसल्या त्यानेच लोकांना शहाणेही करायचे, आणि ते झाले नाहीत तर त्याचा प्रभाव कमी पडला म्हणायचे, हा न्याय उफराटा आहे.

म्हणून मला वाटते, प्रभावाच्या तराजूत एका पारड्यात थोर माणूस असतो आणि दुसऱ्या पारड्यात आपण असतो. कोण अधिक प्रभावी असे विचारताना दोन गोष्टी पाहाव्यात: त्याचे घेताना लोकांना काय सोडावे लागले, आणि त्याच्या मागून येणाऱ्याचे ओझे किती हलके झाले. या मापाने मी विनमारला फार्मर आणि बरासी यांच्या वर ठेवीन. त्या दोघांचे घेणे लोकांना सोपे होते आणि ते घेऊन झाले आहे. विनमारचे मागणे अजून पुरते फिटलेले नाही. ते कितपत फेडले जाईल हे त्याच्या हाती राहिलेले नाही. पुढच्या सामन्याला कठड्यापाशी जो उभा राहील आणि शेजाऱ्याने तोंड उघडताच त्याला ‘गप बस’ म्हणेल, त्याच्या हाती आहे.