राखाडी चौकोनापाशी

खिडकीजवळ बसा. ऊन अंगावर नको, नुसता उजेड पुरे.

फोन अजून खालीच असू द्या. एक श्वास आत. एक श्वास बाहेर.

आता फोन घ्या. रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. आयफोन असेल तर 'ट्रू टोन'ही. रंग 'व्हिव्हिड'वर असतील तर 'नॅचरल'वर आणा. स्क्रीन फिकी वाटेल. वाटू दे.

एक राखाडी चौकोन उघडा. त्यात ना चेहरा, ना अक्षर.

पाहा.

इथे राखाडी असं काहीच पेटलेलं नाही. लाल, हिरवे, निळे ठिपके आहेत, डोळ्याला वेगळे न दिसण्याइतके बारीक. तिघांचा तोल जमला की राखाडी. एखादा वरचढ झाला की गुलाबी झाक येते, नाहीतर हिरवट. भडक फोटोत ही झाक खपून जाते. लग्नाच्या फोटोत तर हमखास.

राखाडीत तिला लपायला जागा नाही.

श्वास सोडा. पहिल्या नजरेला काय दिसलं होतं? किंचित निळं? तेवढं मनात धरा.

पाहत राहा.

निळेपणा ओसरतोय. चौकोन मात्र तसाच आहे. पंख्याचा आवाज थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो, तसा डोळा सरावतोय. म्हणून रंग तपासणाऱ्याने पहिली नजर जपावी, असं मला वाटतं.

नजर उचला. बाहेर पाहा. थांबा.

पुन्हा चौकोन.

फोन जरा तिरका करा. झाक बदलते? आता सरळ, डोळ्यांसमोर.

दुसरा हात लांब करा, अंगठा उभा धरा. त्याची रुंदी नजरेत साधारण 2 अंश भरते. एवढ्याच तुकड्याकडे 1920च्या दशकात इंग्लंडमध्ये काही माणसं बघत बसली होती. समोरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या उजेडाच्या मिश्रणाने जुळवायचा, एवढंच काम. राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांचे हे प्रयोग: राइट यांच्याकडे 10 जण, गिल्ड यांच्याकडे 7. या 17 जणांच्या नजरेवरून 1931 साली 'प्रमाण निरीक्षक' ठरला. स्क्रीनचा रंग किती चुकला याचा आकडा, डेल्टा-ई, आजही बहुधा त्याच नजरेने काढतात. तो 1च्या आसपास असेल, तर दोन रंग शेजारी ठेवूनही फरक जेमतेम कळतो.

सतरा जणांची नजर. आणि तुमची.

हात खाली घ्या. श्वास.

चौकोन मिटा. गिऱ्हाइकाला पाठवायचा पैठणीचा फोटो उघडा. पैठणी मांडीवर घ्या.

आधी कापड. मग फोटो. परत कापड.

उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. घडी हलली की मोरपंखी हिरव्याकडे झुकतो, मग निळ्याकडे. फोटोत यातला एकच उरणार, आणि तो कोणता हे डेल्टा-ई सांगत नाही.

घडी पुन्हा हलवून पाहा. सावकाश.