उसनेपणाचा प्रश्न आणि दोन ‘अवंती’

अनुकरण आणि स्वतंत्र निर्मिती यांतील भेद साहित्यसमीक्षेत आपण गृहीत धरतो. तो कोणत्या निकषावर उभा आहे, याची तपासणी मात्र क्वचितच होते. या संदर्भात साहित्याबाहेरचे एक उदाहरण उद्बोधक ठरावे. कूपे घाटाच्या, दोन दारांच्या, जवळजवळ एकाच नावाच्या दोन क्रीडामोटारी अर्ध्या शतकाच्या अंतराने दोन देशांत अवतरल्या. 1962 साली अमेरिकेतील स्टुडबेकर कंपनीने रेमंड लोवी यांच्या संकल्पनेतून साकारलेली ‘अवांती’ सादर केली. 2012 साली दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांच्या डीसी संस्थेने ‘अवंती’ मांडली. पहिल्या नावाचा इटालियन अर्थ ‘पुढे’. दुसरे नाव भारतीय कानाला उज्जयिनीच्या प्राचीन जनपदाची आठवण करून देते.

अमेरिकन गाडी अस्सल आणि भारतीय गाडी उसनी, असा निवाडा येथे सहज दिला जातो. कारण भारतीय अवंतीचे 2 लिटरचे टर्बो इंजिन रेनो या फ्रेंच कंपनीचे आहे. परंतु लोवींच्या फायबरग्लासच्या देहाखालीही ‘लार्क’ या जुन्या गाडीचाच सुधारित सांगाडा होता, आणि इंजिनही आधीपासून वापरात असलेलेच होते. एकीकडच्या उसनवारीला काटकसर म्हणावयाचे आणि दुसरीकडच्या उसनवारीला परावलंबन, हा पूर्वग्रह झाला. स्वगृहीचे घेणे आणि परक्याकडून घेणे यांत फरक आहे, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु तो फरक मालकीविषयी काही सांगतो, निर्मितीच्या गुणवत्तेविषयी काहीच सांगत नाही.

मग गुणवत्तेचा निकष कोणता? कांटने 1790 मध्ये केलेला स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याचा भेद रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे मराठी वाचकाला परिचित आहे. मोटारीचे सौंदर्य परायत्त आहे. तिच्या प्रयोजनाची संकल्पना बाजूला ठेवून त्याचा विचार संभवत नाही. आता 2021 साली पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या वाघोलीतून जाणारा नगर रस्ता डोळ्यांपुढे आणावा. खडीचे डंपर, गतिरोधक आणि वाहनांची कोंडी यांमध्ये ‘वेग’ या संकल्पनेचाच आशय पालटतो. भारतीय अवंतीचा तळ क्रीडामोटारीच्या मानाने उंच ठेवलेला आहे. तिची देशीयता शोधावयाची तर ती संस्कृत वाटणाऱ्या नावापेक्षा या उंचीत अधिक सापडेल. देशीयतेच्या आपल्या वादात घटकांच्या उगमाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे त्यांच्या विनियोगाला मिळाले नाही.

नैतिक प्रश्न यापुढचा आहे आणि तो श्रेयाचा आहे. ‘लोवींची अवांती’ या संबोधनामागे जॉन एब्स्टाइन, रॉबर्ट अँड्र्यूज आणि टॉम केलॉग यांचे श्रम आहेत. अशा निर्मितीवर एकच स्वाक्षरी उमटते, तेव्हा उरलेले हात अदृश्य होतात. ऋण घेतल्याने निर्मिती हीन ठरत नाही. ऋण विसरले गेले, तर निर्मिती उणावत नसली तरी तिच्याविषयीचे आपले विधान असत्य ठरते. मराठी कृतीचा परकीय स्रोत सापडताच मूल्यमापन संपले असे मानणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने म्हणूनच दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : या कृतीने काय घेतले, आणि घेतलेले तिने कोणत्या रस्त्यावर चालवले?