कुदळीने देव सापडतो काय?

श्रद्धेला पुरावा लागतो काय? आणि लागत असेल, तर तो कोणी द्यायचा? प्रश्न जुनाच आहे. पण गेल्या शंभर-दीडशे वर्षांत ख्रिस्ती भाविकांपुढे तो फार रोखठोक येऊन उभा राहिला आहे. पॅलेस्टाईनच्या ज्या भूमीत येशू ख्रिस्त फिरला आणि क्रुसावर चढविला गेला, तिथे विद्वानांनी कुदळ चालविली. मातीतून तट निघाले, शिलालेख निघाले, हाडे निघाली. दर वेळी एक पक्ष म्हणाला, "पाहा, शास्त्र खरे ठरले!" दुसरा म्हणाला, "पाहा, खोटे ठरले!" परक्याच्या घरची ही उठाठेव आपल्याला कशाला, असे कोणी विचारील. पण सज्जनहो, ज्याने म्हणून कोणावर भाव ठेवला, त्याच्या दारी हा प्रश्न आज ना उद्या येतोच. ज्यांच्या दारी तो आला त्यांनी काय केले, हे शांतपणे पाहावे.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ख्रिस्ती धर्म केवळ नीतीचा उपदेश करून थांबत नाही. अमुक काळी, अमुक ठिकाणी, पिलात नावाच्या रोमन सुभेदाराच्या अमलात ही घटना घडली, असे तो सांगतो. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी आढळली, असे सांगतो. पहिल्या पिढीतल्या पौलाने तर आपल्या पत्रात स्पष्टच म्हटले आहे की, ते पुनरुत्थान झालेच नसेल तर आपला सारा विश्वास फुकट गेला. एवढी मोठी पैज ज्याने लावली, त्याला "मातीत काय निघायचे ते निघो, आमचा काय संबंध?" असे म्हणता येत नाही.

आता मातीने काय दिले ते पाहू. १९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठी कुमरान येथे एका बदू मेंढपाळाच्या पोराला गुहेत मातीचे रांजण सापडले. आत चामड्याच्या जुन्या गुंडाळ्या. पुढे एकंदर अकरा गुहांतून सुमारे ९०० हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. त्यांत यशया संदेष्ट्याचा अखंड ग्रंथ होता, सुमारे २४ फूट लांबीचा, येशूच्याही शंभर-एक वर्षे आधी लिहिलेला. हिब्रू शास्त्राची त्यापूर्वी ठाऊक असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इसवी सन १००८ च्या सुमाराची. मध्ये हजार वर्षांहून अधिक काळ! तरी ताडून पाहता मजकूर बव्हंशी तोच निघाला. नकलणाऱ्यांनी केवढ्या निष्ठेने लेखणी धरली असेल! भाविकांना हर्ष झाला, आणि तो योग्यच होता. पण त्याच गुहांत यिर्मयाच्या ग्रंथाचे दोन निरनिराळे पाठ मिळाले, एक लांब, एक आखूड. एक अक्षरही कधी हलले नाही असे म्हणणारांना तिथे थांबावे लागले.

यरीहो शहराची गोष्ट याहून कठीण. यहोशवाने त्या शहराला सात दिवस फेऱ्या घातल्या, शिंगे फुंकली आणि तट कोसळले, अशी जुन्या करारात कथा आहे. १९३० ते १९३६ या काळात जॉन गारस्टँग यांनी तिथे खोदकाम केले आणि ते पडलेले तट सापडले असे जाहीर केले. केवढा आनंद झाला! पण १९५२ ते १९५८ मध्ये कॅथलीन केनयन या विदुषीने अधिक काळजीने थरामागून थर उकलला. ते तट त्या काळाहून सुमारे हजार वर्षे आधीचे निघाले, आणि यहोशवाच्या मानलेल्या काळी तिथे तटबंदीचे शहर असल्याची खूण मिळाली नाही. आता काय करायचे? काहींनी तो निष्कर्ष आजही मानलेला नाही. काहींनी श्रद्धा सोडली. आणि काहींनी म्हटले, "कथेचा बोध राहिला; तट आमचा देव नव्हता."

या तिघांपैकी कोणाचे बरोबर, हे पुढच्या एका गोष्टीवरून नीट उमगते. पुराव्याची भूक लागली की पुरावा विकणारा दारात येतोच. २००२ साली हाडे ठेवण्याची एक दगडी पेटी जगापुढे आली. ती येशूच्या भावाची असल्याचे तिच्यावर कोरलेले होते. पुढे इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याने तो लेख बनावट ठरविला, खटला कित्येक वर्षे चालला, २०१२ मध्ये बनावटगिरीचा आरोप शाबीत झाला नाही. पण लेख अस्सल आहे असेही न्यायालयाने म्हटले नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे बायबलचे मोठे संग्रहालय आहे. तिथे मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांचे म्हणून १६ तुकडे होते. २०२० मध्ये तपासणी झाली. सोळाच्या सोळा खोटे! अहो, भुकेल्याला कोणीही दगड भाकर म्हणून देऊन जातो. श्रद्धा कमी पडली म्हणून पुरावा शोधावा, आणि पुराव्यात फसवणूक व्हावी, म्हणजे दोन्हीकडून नागवले जाणे होय.

मग खरा पुरावा निघाला तर? तोही निघाला आहे. १९६१ मध्ये कैसरिया येथे पिलाताचे नाव कोरलेला दगड मिळाला. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ क्रुसावर मारलेल्या एका माणसाच्या टाचेचे हाड मिळाले, लोखंडी खिळा अजून त्यात रुतलेला. पिलात होता, हे दगडाने सांगितले. क्रुसाची शिक्षा किती क्रूर होती, हे हाडाने सांगितले. पण त्या शिक्षेत कोणा एकाने जगाचे पाप आपल्या शिरावर घेतले, हे कोणते हाड सांगणार? २०१६ मध्ये यरुशलेमच्या पवित्र कबरीवरची संगमरवरी फरशी उचलली गेली. खालचा चुना इसवी सन ३४५ च्या सुमाराचा निघाला. म्हणजे निदान तेव्हापासून ही जागा पूजनीय आहे. पण कबर रिकामी सापडली तरी ती रिकामी का, हे दगडाला विचारून उपयोग नाही.

येशूच्या थोमा नावाच्या शिष्याची गोष्ट इथे आठवते. जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही, असे तो म्हणाला. त्याला कोणी हाकलून दिले नाही; जखमा दाखविल्या. शंका घेणे हे पाप ठरले नाही. मात्र डोळ्यांनी पाहिल्या त्या जखमाच; त्यानंतर त्याने जे वंदन केले, ते डोळ्यांचे काम नव्हते.

तेव्हा भाविकाने कुदळीला भ्यावे काय? मुळीच नाही. १८९० मध्ये मारी-जोसेफ लाग्रांज या डोमिनिकन धर्मगुरूने यरुशलेमात बायबलच्या अभ्यासाची शाळा काढली. सत्य आणि देव यांत भांडण असूच शकत नाही, या भरवशावर त्याने इतिहासाची चिकित्सा केली. वरिष्ठांचा संशय ओढवून घेतला, १९१२ मध्ये काही काळ यरुशलेम सोडावे लागले; पण त्याने ना अभ्यास टाकला, ना धर्म. कुमरानचे उत्खनन पुढे ज्यांनी केले ते रोलां द व्हो याच शाळेचे, आणि धर्मगुरूच. तूरिनच्या ज्या कापडाला अनेकजण येशूचे प्रेतवस्त्र मानतात, त्याचा काळ १९८८ मध्ये तीन प्रयोगशाळांनी १२६० ते १३९० असा ठरविला. तरी १९९८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल त्या कापडापुढे उभे राहून म्हणाले की, हा श्रद्धेचा विषय नव्हे. तपास शास्त्रज्ञांनी मोकळेपणाने करावा. यातच श्रद्धेचे बळ आहे. जी श्रद्धा तपासाला दार लावून घेते, तिने मनातून आधीच हार खाल्लेली असते.

उद्या मातीतून असे काही निघाले की ज्याने ती पैजच हरली, तर? ख्रिस्ती भाविकाने हा प्रश्न टाळू नये. सत्यासाठी मोजावी लागणारी किंमत आधीच कबूल करणे, हीच त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी. पण तोवर रोजची कसोटी दुसरीकडेच आहे. भुकेल्याला अन्न दिले काय, उघड्याला वस्त्र दिले काय, तुरुंगात पडलेल्याला भेटलास काय, असे विचारले जाईल, हे येशूनेच सांगितले आहे. तिथे शिलालेख दाखवून सुटका नाही. कुदळीचे काम कुदळीला करू द्यावे, तिने आणलेले खरे ते नम्रपणे घ्यावे, खोटे ते टाकावे. आणि आपले काम आपण करावे. ते काम काही मातीखाली पुरलेले नाही, रोज समोर उभे आहे.