लॉकरच्या दोन किल्ल्या

कोल्हापुरात रंकाळ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर परवा एका बापाने पोराच्या हातातली प्लेट काढून घेतली. मोबाईलवर आलं होतं म्हणे, अजिनोमोटोतलं ग्लुटामेट मेंदूच्या पेशी जाळतं. मटणाच्या अळणी पाण्याला चव येते त्यात ग्लुटामेटचाही हात असतो, आणि त्याच पाण्याचा पांढरा रस्सा आपण वाट्यावर वाट्या ओरपतो, हे मोबाईलवर आलं नसावं. त्याच मोबाईलवर पुढच्या आठवड्यात बुद्धी वाढवणाऱ्या गोळ्यांची जाहिरात येते. एकीकडे विष, दुसरीकडे अमृत. दोन्हीकडे चूक एकच: सगळा गुण पदार्थात शोधायचा.

ही खोड जुनी आहे. रिटहाउझेनने १८६६ मध्ये गव्हाच्या प्रथिनातून ग्लुटामिक आम्ल काढलं, इकेदांनी १९०८ मध्ये त्याची चव ओळखली, आणि १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी मुलांची बुद्धी वाढावी म्हणून ते चारूनही पाहिलं.

खरी गोष्ट १९५९ च्या सुमाराला कॅनबेरात घडली. कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स यांनी बारीक काचेच्या नळीतून मांजराच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर ग्लुटामेट सोडलं. ज्या पेशीवर सोडावं ती पेटून उठे. त्यावरून त्यांनी ठरवलं की जो पदार्थ सरसकट सगळ्यांना उठवतो, तो एका चेतापेशीचा नेमका निरोप दुसरीकडे नेणारा असणं कठीण. हा किस्सा आज ‘बघा, शोध हातात आला होता आणि सोडून दिला’ असा हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. निरीक्षण चोख होतं. निरोपाचा अर्थ निरोप्यातच असतो, एवढं गृहीत धरलं की निष्कर्षही बरोबरच. फसलं ते गृहीतक. दवंडी सगळ्या गावाला एकच ऐकू येते. कोण उठून चावडीवर जाणार, हे दवंडीवाला ठरवत नाही.

हे गृहीतक मोडण्यात मोठा वाटा पुन्हा वॉटकिन्स यांचाच, हे सांगायचं मात्र राहून जातं. पुढे ब्रिस्टलमध्ये त्यांनी ग्लुटामेटची वाट अडवणारे पदार्थ वर्षानुवर्षं घडवले, आणि त्यातून ऐकणारे वेगवेगळे आहेत हे उलगडत गेलं. ऐकणारे म्हणजे रिसेप्टर, पाठ्यपुस्तकातले ग्राही. अ‍ॅम्पा रिसेप्टर ग्लुटामेट येताच उघडतो, सोडियम आत शिरतं, पेशी जागी होते. एनएमडीए रिसेप्टर तसा उघडत नाही. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा बोळा असतो. पॅरिसच्या आणि अमेरिकेतल्या गटांनी १९८४ मध्ये दाखवलं की पेशी आधीच उत्तेजित असेल तरच तो बोळा निघतो. बँकेच्या लॉकरसारखं आहे हे: एक किल्ली बँकेची, एक तुमची, दोन्ही एकाच वेळी लागतात. मग कॅल्शियम आत येतं, दोन पेशींच्या त्या जोडावर आणखी अ‍ॅम्पा रिसेप्टर बसतात, आणि पुढच्या वेळी तोच निरोप मोठ्याने ऐकू येतो. शिकणं म्हणतात त्यातला मोठा भाग हा. ग्लुटामेट आधीही तेच होतं, नंतरही तेच.

ऐकणाऱ्याच्याच बाजूने होणारा बिघाड पाहायचा तर पूर्व विदर्भातली लाखोळी डाळ घ्या. दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच काढलेल्यांचे पाय लुळे पडत. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी १९६४ मध्ये तिच्यातला विषारी रेणू वेगळा केला. तो ग्लुटामेटची नक्कल करून अ‍ॅम्पा रिसेप्टर उघडतो.

चायनीजमधलं ग्लुटामेट मात्र बहुतेक आतड्यातच खर्ची पडतं, आणि रक्तात उतरतं त्याला मेंदूच्या वेशीवर अडवलं जातं. ओल्नी यांनी १९६९ मध्ये उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी त्यानेच मेल्याचं दाखवलं, हे खरं; पण ते टोचून, आणि तेही मोठ्या मात्रेत.

तेव्हा दादा, प्लेट पोराला परत द्या. नाहीच द्यायची तर त्या कढईतल्या काळ्या तेलाचं कारण सांगा.