साक्षी की सावत्र? : पराभूतांच्या वतीने बोलण्याविषयी

ज्यांचा शब्द मागे उरलेला नाही त्यांच्या वतीने कादंबरीकाराने बोलावे काय? अमेरिका खंडातील स्पॅनिश आक्रमणावरील ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. कारण त्या आक्रमणाला भाषेच्या फसवणुकीचाही आधार होता. १५१३ मध्ये तयार झालेला ‘रेकेरिमिएन्तो’ हा मसुदा मूलनिवासींसमोर वाचला जाई. पोपची व राजाची सत्ता मान्य करा, अन्यथा युद्ध आणि दास्य यांचा दोष तुमच्याच माथी, असे त्यात बजावलेले असे. ज्यांना ते ऐकवले जाई त्यांना स्पॅनिश कळत नसे. मौनालाच नकार ठरवणारी ही संहिता आहे.

या मौनात शब्द भरण्याचा मोह लेखकाला होणे स्वाभाविक आहे. कार्लोस फुएन्तेस यांच्या ‘लास दोस ओरियास’ या कथेत मृत दुभाषा हेरोनिमो दे आगिलार बोलतो आणि शेवटी माया लोकच स्पेन जिंकतात. कल्पना चमकदार आहे; पण हा विजयही विजेत्याच्याच व्याकरणात मांडलेला आहे, असे मला वाटते.

हुआन होसे साएर यांची ‘एल एन्तेनादो’ (१९८३) अधिक अवघड वाट धरते. तिला एका नोंदीचा आधार आहे. १५१६ मध्ये रिओ दे ला प्लाताच्या किनाऱ्यावर उतरलेला हुआन दिआस दे सोलीस मारला गेला, त्याला व त्याच्या सोबत्यांना खाल्ले गेले, असे जहाजावर राहिलेल्यांनी सांगितले. एक पोरसवदा खलाशी मात्र वाचला. साएर यांचा अनाम, अनाथ निवेदक दहा वर्षे त्या जमातीत राहतो आणि साठ वर्षांनंतर लिहू लागतो. ते लोक त्याला ‘देफ-घी’ म्हणत. या शब्दाला इतके अर्थ आहेत की त्याचा नेमका अर्थ लावण्यातच त्याचे उरलेले आयुष्य जाते. त्यांच्या भाषेत ‘असणे’ या क्रियेला शब्द नाही, जवळचा शब्द ‘भासणे’ असा. आपले अस्तित्व कोणी बाहेरच्याने पाहिले तरच ते टिकेल, म्हणून त्याला जिवंत ठेवले, हा निष्कर्ष निवेदकाचा आहे, त्यांचा नव्हे. हे अंतर साएर कोठेही बुजवीत नाहीत. युरोपात परतल्यावर हाच माणूस आपल्या अनुभवावर प्रेक्षकांना हवे तसे खोटे नाटक रचतो आणि ते गाजते. लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीवर याहून कठोर टीका मी तरी वाचलेली नाही.

तरीही माझी एक अडचण शिल्लक राहते. कादंबरीचा गाभा नरमांसभक्षणाचा वार्षिक विधी आहे, आणि नरमांसभक्षक ठरवलेल्यांना गुलाम करण्याची मुभा राणी इसाबेलाने १५०३ मध्येच दिली होती. म्हणजे जो आरोप दास्याचे कायदेशीर कारण होता, तोच येथे तत्त्वचिंतनाचे द्रव्य होतो. पदव्युत्तर वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, पण त्यांनी खरंच खाल्लं होतं का?’’ मी निवेदकाच्या अविश्वसनीयतेविषयी बोलू लागलो. उत्तर सैद्धांतिकदृष्ट्या निर्दोष होते, आणि तिचा प्रश्न जागच्या जागी राहिला. ती आरोपीच्या बाजूने विचारत होती. मी लेखकाच्या बाजूने बोलत होतो.

साएर यांच्यापाशी यावर उत्तर असेल तर ते एका दृश्यात आहे. निवेदक ज्या स्पॅनिशांना भेटतो, तेच पुढे त्या जमातीवर चालून जातात आणि नदीतून प्रेते वाहत येतात. त्याने तोंड उघडले, त्याचा हा परिणाम. साक्ष देणे आणि माग दाखवणे यांतील सीमारेषा येथे पुसली जाते.

आपण ही कादंबरी बहुधा १९९० च्या इंग्रजी अनुवादातून वाचतो, आणि त्या अनुवादाचे शीर्षक ‘द विटनेस’ आहे. मूळ स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘सावत्र मुलगा’. साक्षीदाराला जबानी देऊन न्यायालयातून बाहेर पडता येते. सावत्र मुलाला घर सोडता येते, नाते मात्र नाही. आणि साएर यांनी निवडलेला शब्द हा दुसरा होता.